साखरझोप

मराठी माणूस आणखी कशात मागे असो, झोपेला नावे देण्यात तो कुणाला हार जाणार नाही. डुलकी वेगळी, पेंग वेगळी, झापड वेगळी. वामकुक्षीला तर आपण धर्मशास्त्राची झूल चढवली आहे. पण या सगळ्यांची राणी म्हणजे साखरझोप. पहाटेची, अंगावरची गोधडी आणखी थोडी वर ओढून घ्यायला लावणारी. तिच्या वाटेला कुणी जाऊ नये, हे आपल्या आज्यांना कुठलीही प्रयोगशाळा न उघडता ठाऊक होते.

आता विमानविद्येचे पंडितही तेच सांगतात. शरीराला स्वतःचे एक घड्याळ असते आणि रात्री दोन ते सकाळी सहा हा त्याचा ओहोटीचा काळ. अंगाची ऊब उतरते, नजर मंदावते, हिशेब चुकू लागतात. मौज अशी की माणूस थकला की त्याचे पाय त्याला सांगतात. मेंदू थकला तर सांगायचे कुणी? ते सांगणारा तोच, आणि तोच पेंगुळलेला! शंभरावी उत्तरपत्रिका तपासणाऱ्या परीक्षकाला विचारा. आपण पहिल्या पेपराइतकेच न्यायी आहोत, असे तो शपथेवर सांगेल. पण उत्तरपत्रिकेला फेरतपासणी असते. विमानाला ती सोय नाही.

२२ मे २०१०. दुबईहून रात्री निघालेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान सकाळी सहाच्या सुमारास मंगळूरला उतरत होते. तिथला विमानतळ डोंगरमाथ्यावरचा. धावपट्टी संपली की दरी. विमान पट्टीच्या टोकावरून पुढे गेले आणि १६६ माणसांपैकी १५८ जळून-चिरडून गेली. पुढे ध्वनिमुद्रण तपासले तेव्हा त्यात शेवटचे दोन तास पाच मिनिटे होती, आणि त्यांतला पहिला दीड तासाहून अधिक काळ मुख्य वैमानिक झोपलेला होता. घोरणे ऐकू येत होते.

वाचकहो, इथे घाईने त्या माणसाला शिव्या देऊ नका. चौकशी न्यायालयाने स्पष्ट लिहिले आहे की उड्डाणापूर्वी त्याला नियमाप्रमाणे पुरेशी विश्रांती मिळालेली होती. म्हणजे कागदावर सारे ठीक होते. पण विश्रांतीचे तास मोजता येतात, झोप मोजता येत नाही. दुपारी दोनला पडदे ओढून पडलेला माणूस आणि पहाटे चारला जागणारा माणूस यांचा जमाखर्च जुळतोच असे नाही. शिवाय झोपेपेक्षा जाग अधिक धोक्याची. गाढ झोपेतून उठवलेले मूल पाणी मागते आणि पेला हातात दिला की तुमच्याकडेच टकमक पाहत राहते. डोळे उघडले म्हणजे माणूस जागा झाला, असे नव्हे. या अर्धवट जागेने त्या वैमानिकाचा निर्णय बिघडला असावा, असे न्यायालयाला वाटले. विमान फार उंचावरून, फार वेगाने खाली येत होते. सहवैमानिकाने तीनदा सांगितले, ‘गो अराउंड’, परत वर चला. यंत्रेही ओरडत होती. पण वरिष्ठाच्या हातून विमान काढून घेणे त्या सहवैमानिकाकडून झाले नाही. आपल्याकडे कुठल्या कचेरीत ते सहज झाले असते, मला सांगा!

कोकणात आणि देशावरही रात्री वाट चुकण्याला चकवा म्हणतात. चकव्यातला माणूस वाट शोधत नसतो. आपण वाटेवरच आहोत अशी त्याची खात्री असते. ७ जुलै १९६२च्या मध्यरात्री बँकॉकहून मुंबईकडे येणाऱ्या अलिटालियाच्या विमानाला असाच चकवा लागला. मुंबई जवळ आली असे समजून ते खाली उतरू लागले. मुंबई अजून ऐंशी किलोमीटरवर होती आणि खाली होते जुन्नरचे डोंगर. ९४ माणसे गेली. त्याच्या उलट १९७२ची गोष्ट नशिबाची: जपान एअर लाइन्सचे भले थोरले विमान सांताक्रूझऐवजी शेजारच्या जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरले आणि पट्टी ओलांडून गेले, पण जीव कुणाचा गेला नाही. या दोन प्रसंगांवर मी झोपेचा आळ घेत नाही. मात्र पक्क्या खात्रीला खोडून काढायला शेजारी एक ताजे डोके लागते, आणि पहाटे नेमके तेच मिळेनासे होते.

नासाने एक प्रयोग केला होता. लांबच्या उड्डाणात वैमानिकांना आळीपाळीने, दुसरा जागा असताना, ४० मिनिटे विसावा दिला. सरासरी २६ मिनिटे डोळा लागला, आणि उतरताना ती माणसे अधिक सावध दिसली. चोरून घेतलेली झोप आणि मागून घेतलेली झोप यांत एवढे अंतर आहे.

आपल्याकडे वैमानिकांच्या संघटनांना न्यायालयापर्यंत जावे लागले, तेव्हा २०२५मध्ये नवे नियम दोन टप्प्यांनी लागू झाले. आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८वर गेली. रात्र पाचऐवजी सहापर्यंत धरली गेली. रात्रीच्या कामात सहांऐवजी दोनदाच उतरायचे ठरले. कंपन्यांना तयारीला वेळ होता. तरी डिसेंबरात इंडिगोची उड्डाणे शेकड्यांनी रद्द झाली, विमानतळांवर बाजार भरला आणि सरकारने रात्रीच्या नियमांतून त्या कंपनीला १० फेब्रुवारी २०२६पर्यंत सूट दिली. लोकांचा राग मला समजतो. कुणाचे लग्न होते, कुणाची परीक्षा. पण फलकावर ‘उड्डाण रद्द’ एवढेच न लिहिता ‘वैमानिक झोपले आहेत’ असे खरे कारण कुणी लिहिले असते, तर मी तरी निमूटपणे पिशवी उशाला घेऊन तिथल्याच बाकावर आडवा झालो असतो.