वरची ओळ

एकत्र कुटुंबांत वर्तमानपत्र आळीपाळीनें वाचण्याची रीत आमच्या वाचकांच्या चांगल्या परिचयाची आहे. पान कोणाच्याही हातीं असो, तें सर्वांस सारखेंच दिसे. गूगलवरील शोधाचें तसें नाहीं. माडीवर चिरंजीव मेजावरच्या संगणकास जो प्रश्न घालतात, तोच खालीं ओटीवर आजोबा हातांतल्या मोबाइलला घालतात. चिरंजीवांस चार-पांच दुवे एकदम दिसतात, आजोबांस एखाद-दुसराच, आणि पुष्कळदां तोही जाहिरातीचा.

वाचतांना नजर कोठें फिरते हें टिपणारीं यंत्रें आतां आहेत. याकोब नील्सन यांच्या मंडळीनें 2006 सालीं 232 वाचकांची नजर अशी तपासली, तेव्हां संगणकाच्या पडद्यावर ती बहुधा इंग्रजी 'एफ्' अक्षराप्रमाणें फिरते असें आढळलें: आरंभीं दोन आडवे फेरे, मग डाव्या कडेनें खालीं. पुढें 2015 सालीं ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं लहान व मोठ्या पडद्यांवरील शोधाची तुलना प्रसिद्ध केली. लहान पडद्यावर नजर कमी फिरली, कारण लोक पान क्वचितच सरकवीत. तरीही हवी ती माहिती वेंचून काढणें त्यांस अधिक जड गेलें. गंमत अशी कीं, लागलेला वेळ आणि उत्तरांचा अचूकपणा यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं! मग तक्रार कसली, असें कोणी विचारील.

तक्रार आहे ती वरच्या ओळीवरील विश्वासाची. कॉर्नेल विद्यापीठांतील एका प्रयोगांत, जो 2007 सालीं प्रसिद्ध झाला, गूगलच्या उत्तरांचा क्रम मुद्दाम उलटा करून विद्यार्थ्यांपुढें ठेवला होता. शिकलेसवरले ते तरुण. पण वरचे दुवे कमी उपयोगाचे असूनही त्यांची टिचकी वरच्या बाजूसच अधिक पडली. हें मोठ्या पडद्यावर झालें. मग जेथें वरच्या ओळीखालीं दुसरी ओळ दिसतच नाहीं, तेथें काय होत असेल?

प्रयोगांतलें उत्तर चुकलें तर कोणाचें कांहीं जात नाहीं. बँकेचा मदत-क्रमांक शोधतांना मात्र भामट्यांनीं पेरलेला क्रमांक वर आलेला असूं शकतो, आणि पलीकडच्या गोड आवाजास ओटीपी सांगितला कीं महिन्याचें पेन्शन गेलेंच. अशा वेळीं तरुण मंडळी आजोबांस हंसतात, तें आम्हांस अस्थानीं वाटतें. प्रवासांत हातीं मोबाइल असला म्हणजे हींच मंडळी पहिल्या दुव्यापुढें कितीशी जातात?

पान दोन-तीनदां सरकवून पाहावें आणि दुव्यावर बारीक अक्षरांत 'स्पॉन्सर्ड' लिहिलें आहे काय तें वाचावें, हें घरांतील मुलांनीं वडील माणसांजवळ बसून दाखवावें; त्यास पांच मिनिटें पुरतात. बँकेचा क्रमांक तर शोधूंच नये. तो कार्डाच्या पाठीवर छापलेला असतो. तेथून उतरून घ्यावा. त्याच्याच खालीं 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी क्रमांकही ठळक अक्षरांत लिहावा. पैसे गेल्याचें कळतांच त्यावर फोन करावा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम अडविली जाण्याची आशा अधिक.