कचऱ्यावर उगवलेले जंगल आणि कचऱ्याकडे पाठवली जाणारी माणसे

दरवर्षी ६ डिसेंबरला धाराशिव जिल्ह्यातून हजारो भीमसैनिक मुंबईला जातात. कळंब, भूम, परंडा, वाशी, उमरगा, तुळजापूर या तालुक्यांतून कोणी लातूर एक्स्प्रेसने, कोणी एस.टी.ने, तर कोणी टेम्पोत बसून चैत्यभूमी गाठतात. भाकरी बांधून नेतात, रांगेत उभे राहतात, बाबासाहेबांना अभिवादन करतात, पुस्तके विकत घेतात आणि परततात. दुष्काळी भागातल्या आपल्या अनेक माताभगिनींनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला तो चैत्यभूमीच्या पाठीमागे. नेमकी त्याच दिवसांत काही वर्तमानपत्रांना शिवाजी पार्कच्या अस्वच्छतेची काळजी वाटू लागते. वर्षभर ज्यांनी या शहराचा कचरा उचलला त्यांच्याच आप्तांमुळे शहर घाण होते, असे सांगितले जाते!

याच चैत्यभूमीपासून अवघ्या चार-पाच किलोमीटरवर, माहीमच्या खाडीकाठी एक जंगल आहे. महाराष्ट्र निसर्ग उद्यान असे त्याचे नाव. लोक त्याला माहीम नेचर पार्क म्हणतात. आपल्यापैकी फारच थोड्यांनी ते पाहिले असेल. हे उद्यान पाहणे हा केवळ सहलीचा विषय नाही. आज मुंबईत जमिनीचे जे राजकारण चालू आहे, ते समजून घ्यायचे असेल तर या उद्यानाच्या दारात एकदा उभे राहिले पाहिजे.

शीव-वांद्रे लिंक रोडच्या एका बाजूला धारावी, दुसऱ्या बाजूला हे उद्यान आणि त्याच्या पलीकडे मिठी नदी. क्षेत्र सुमारे ३७ एकर. १९७७ पर्यंत येथे मुंबईची कचराभूमी होती. शहरभरातली घाण आणून टाकायची ती धारावीच्या दारात, कारण तेथे चांभार, ढोर, महार, मुसलमान, तमिळ मजूर राहत होते. कचरा टाकणे बंद झाल्यावर त्या ढिगांवर माती पसरली गेली, रोपे लावली गेली आणि १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी खुले झाले. आज तेथे हजारो झाडे आहेत, फुलपाखरे आहेत, शंभरावर जातींचे पक्षी येतात आणि पावसाचे पाणी साठवणारे तळे आहे. खाडीकडच्या बाजूला तिवरे आहेत. कायद्याने त्याला संरक्षित वनाचा दर्जा आहे.

कचऱ्याच्या ढिगाऱ्यावर जंगल उभे राहू शकते, हे तेथे डोळ्यांनी दिसते. प्रश्न असा की, ते कोणी उभे केले? उद्यानाच्या इतिहासात तज्ज्ञांची, संस्थांची, प्राधिकरणाची नावे येतात आणि ती यायलाच हवीत. पण त्या कचऱ्याच्या गाड्या ज्यांनी भरल्या, त्या ढिगांवर ज्यांनी आयुष्य काढले, दुर्गंधी आणि रोगराई ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसली, त्यांचे नाव कोठे आहे? मुंबई महापालिकेच्या सफाई खात्यात प्रामुख्याने कोणत्या समाजाची माणसे होती हे सांगण्याची गरज नाही. त्यांच्यासाठीच बाबासाहेबांनी १९३५ मध्ये म्युनिसिपल कामगार संघ स्थापन केला होता. गावात महारवाडा-मांगवाडा गावकुसाबाहेर, जेथे मेलेली ढोरे टाकतात तेथे. आणि शहरात झोपडपट्टी कचराभूमीच्या कडेला! जातीव्यवस्था रेल्वेत बसून शहरात आली ती अशी. १९७२ च्या दुष्काळात मराठवाडा सोडून जी माणसे मुंबईला गेली, त्यांना शहराने अशाच जागा दाखवल्या: खाडीचा काठ, नाल्याचा काठ, डोंगराचा उतार.

आता वर्तमानाकडे वळू. धारावीचा पुनर्विकास सध्या जोरात चालू आहे. सुमारे सहाशे एकरांवरची ही वस्ती नव्याने बांधण्याचे कंत्राट २०२२ च्या निविदेत अदानी समूहाला मिळाले. हे निसर्ग उद्यानही प्रकल्पात गिळले जाईल, अशी भीती पर्यावरणवाद्यांना वाटली. ते उच्च न्यायालयात गेले. उद्यान प्रकल्पाबाहेर असल्याचे २०२३ मध्ये प्राधिकरणाने न्यायालयात सांगितले. ही चांगली गोष्ट झाली. ते उद्यान वाचले पाहिजे याबद्दल आमच्या मनात शंका नाही.

पण बंधूंनो, रस्त्याच्या अलीकडच्या माणसांचे काय? १ जानेवारी २००० पूर्वीचा, तळमजल्यावरचा आणि कागदपत्रे असलेला झोपडीधारक तेवढा धारावीत मोफत घराला पात्र. त्यानंतर २०११ पर्यंतचा धारावीबाहेर आणि तोही पैसे भरून. वरच्या मजल्यावरचे आणि २०११ नंतर आलेले भाडेतत्त्वाच्या घरात, तेही बाहेरच. या बाहेर पाठवायच्या माणसांसाठी शासनाने २०२४ मध्ये ज्या जमिनी मंजूर केल्या त्या कोणत्या? कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंड भागातील सुमारे २५५ एकर मिठागरे आणि देवनारच्या कचराभूमीची १२४ एकर जागा!

देवनार म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. १९२७ पासून मुंबईचा कचरा तेथे पडतो आहे. ज्या वर्षी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्याच वर्षापासून. जानेवारी २०१६ मध्ये या कचऱ्याला लागलेल्या आगीचा धूर दिवसेंदिवस शहरावर पसरला होता. देवनार, गोवंडी, मानखुर्द ज्यात येतात तो एम-पूर्व विभाग २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात सगळ्यात तळाला होता. एके काळी कचराभूमीच्या कडेला वसवलेल्यांच्या वारसांना आता दुसऱ्या कचराभूमीवर नेऊन बसवायचे, याला पुनर्वसन म्हणायचे काय? पहिली कचराभूमी जंगल झाली, तिच्यासमोरची जमीन सोन्याच्या भावाची झाली, पलीकडे वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले. आणि नेमके तेव्हाच तेथला माणूस ‘अपात्र’ ठरला. कचरा होता तोपर्यंत तो पात्र होता!

देवनारला लागूनच ठाण्याची खाडी आहे. १,६९० हेक्टरचे हे क्षेत्र २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाले आणि २०२२ मध्ये त्याला रामसर पाणथळीचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. हिवाळ्यात गुजरातकडून हजारो फ्लेमिंगो येथे उतरतात. ऐरोलीहून होडीत बसून ते पाहता येतात; तिकीट शेकड्यांच्या हिशोबात असते. एकाच खाडीच्या काठावर एकीकडे दुर्बीण लावून बसलेला पर्यटक आणि दुसरीकडे कचऱ्यातून प्लास्टिक वेचणारी बाई. पक्ष्याला कायद्याचे संरक्षण आहे. त्या बाईला कोणत्या कायद्याचे आहे?

येथे सावध राहायला हवे. हे वाचून कोणी म्हणेल, मग पर्यावरण हे श्रीमंतांचे थोतांड आहे. तसे समजणे ही मोठी चूक ठरेल आणि बिल्डरांना तेच हवे आहे. २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मिठीचे पात्र भराव घालून आवळलेले, तिवरे तोडलेली. पाणी शिरले ते आधी कोणाच्या घरात? सखल भागातल्या झोपडपट्टीत. तिवरे, मिठागरे, पाणथळी ही गरिबांची संरक्षक भिंत आहे. तेव्हा मिठागरांवर गरिबांना वसवण्याची योजना निसर्गाचीही फसवणूक करते आणि त्या गरिबांचीही. उद्या पाणी चढले तर बुडणार तेच.

पण दुसऱ्या बाजूचा अनुभवही विसरता येत नाही. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या प्रश्नावर १९९७ मध्ये उच्च न्यायालयाचा आदेश झाला आणि नंतरच्या काळात हजारो झोपड्या जमीनदोस्त झाल्या. उद्यानाच्या सीमेबाहेर मात्र ‘जंगलाचा देखावा’ दाखवून टॉवर विकले गेले. झोपडी निसर्गाची शत्रू आणि टॉवर निसर्गाचा शेजारी, हा न्याय आम्हाला मान्य नाही.

मुंबईचे हे प्रकरण धाराशिवच्या वाचकाला कशाला, असे कोणी विचारेल. आपल्याकडेही येडशीचे रामलिंग घाट अभयारण्य आहे. सुमारे २२ चौरस किलोमीटरचे. डिसेंबर २०२४ मध्ये तेथे वाघ दिसला. यवतमाळच्या टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत तो आला होता. साऱ्या जिल्ह्यात त्याची चर्चा झाली, कॅमेरे लागले, पथके आली. चांगलेच झाले, वाघ आला म्हणजे रान जिवंत आहे. पण त्याच दिवसांत याच जिल्ह्यातली हजारो कुटुंबे लेकराबाळांसह कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या उसाच्या फडात गेलेली असतात. तीही शेकडो किलोमीटर जातात. त्यांच्या मागावर कोणी कॅमेरा लावत नाही.

आणि गायरानांचे काय? दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. त्या लढ्याच्या वाटेवर चालत मराठवाड्यातल्या भूमिहीनांनी पडीक गायराने कसली, दगडधोंडे वेचून त्यांची शेते केली. १९७८ ते १९९० या काळातली अनुसूचित जाती-जमातींची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ रोजी निघाला. तरी आजही कित्येकांचे नाव सातबाऱ्यावर लागलेले नाही. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा निकाल दिला, त्यातही शासनाच्या आदेशाने भूमिहीन व अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवाद सांगितला आहे. निकाल सगळे सांगतात, अपवाद कोणी सांगत नाही. २०२२ मध्ये गायरानावरच्या घरांना नोटिसा निघाल्या तेव्हा गावोगाव हीच धास्ती पसरली होती. धारावीत ‘अपात्र’, गायरानात ‘अतिक्रमणधारक’. शब्द दोन, माणूस एकच.

महाडच्या सत्याग्रहाचा अर्थ पाण्यापुरता नव्हता. निसर्गाने दिलेली गोष्ट सर्वांची आहे, तिच्यावर कोणा एका वर्णाची मालकी नाही, हा मानवी हक्क तेथे सांगितला गेला. पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना दामोदर आणि महानदीच्या खोऱ्यांच्या योजनांत बाबासाहेबांनी लक्ष घातले, ते नदी सर्व जनतेच्या कल्याणाची असते या भूमिकेतून. म्हणून पर्यावरणाचा प्रश्न परक्यांच्या हाती सोडून चळवळीला चालणार नाही.

आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. निसर्ग उद्यान जसेच्या तसे राहिले पाहिजे आणि धारावीच्या मुलांना ते मोफत खुले असले पाहिजे. उद्यानाच्या कामात धारावीतल्या तरुणांना आधी जागा द्या. धारावीतल्या माणसाचे पुनर्वसन धारावीत करा. कचराभूमीवर आणि मिठागरांवर नको. देवनारच्या ढिगाऱ्याचेही माहीमसारखे जंगल करा आणि त्याच्या कडेला आज राहणाऱ्यांना त्या सावलीत बसू द्या. येडशीचे रान राखा, पण १९९१ च्या निर्णयाप्रमाणे गायरानधारकाचा सातबाराही द्या.

येत्या ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादन करून झाले की वेळ काढा. मुलांना घेऊन धारावीत जा, माटुंगा लेबर कॅम्पातल्या आपल्या माणसांना भेटा आणि जमेल त्या दिवशी त्या उद्यानात एक फेरी मारा. झाडांची नावे मुलांना वाचू द्या. मग त्यांना सांगा की, या झाडांच्या मुळाशी आपल्या आजा-पणजांनी वाहिलेला कचरा आहे. हे जंगल आपलेही आहे. ते आपण राखू, आणि त्याच्या शेजारी राहण्याचा हक्कही सोडणार नाही.

जयभीम!