दात पुढे, की जबडा मागे?

मुलाचे वरचे दात पुढे दिसू लागले, की आईबाप तारेची चौकशी करू लागतात. परंतु वाचकहो, दात खरोखर पुढे आले आहेत, की खालचा जबडाच मागे राहिला आहे, हे नुसत्या डोळ्यांना नेहमी कळत नाही. त्यासाठी डोके स्थिर धरून बाजूने क्ष-किरणचित्र घेतात. ही पद्धत १९३१ साली अमेरिकेत ब्रॉडबेंट व जर्मनीत होफ्राथ यांनी मांडली.

चित्रावर कवटीच्या तळातील पीयूषिका ग्रंथीच्या खळग्यापासून नाकाच्या मुळापर्यंत रेषा काढतात. तेथून दोन्ही जबड्यांकडे रेषा ओढून कोन मोजतात. स्टायनर यांच्या १९५३ च्या पद्धतीत वरच्या जबड्याचा कोन सुमारे ८२ अंश, खालच्याचा ८०, म्हणजे अंतर २ अंश. वरचा कोन योग्य असून खालचा पुष्कळ कमी भरला, तर दोष बहुधा खालच्या जबड्याचा समजावा. त्याच्या वाढीस वळण लावणारी साधने वाढत्या वयातच उपयोगी पडतात.

मात्र ही मापे अमेरिकेतील गोऱ्या लोकांची आहेत. आपल्या मुलांना ती तंतोतंत लावणे योग्य नव्हे. म्हणून दात काढण्यास संमती देण्यापूर्वी दंतवैद्यांना अवश्य विचारा: दोष दातांचा, की जबड्याचा?