पिनोकिओमध्ये राजकारण आणलं कोणी?

गिएर्मो देल तोरोचा 'पिनोकिओ' बघा असं पालकांना सांगितलं की एक प्रश्न हमखास येतो. मुलांच्या सिनेमात मुसोलिनी कशाला घुसडला? लाकडाचा बाहुला, खोटं बोललं की वाढणारं नाक, एक परी... इतकी गोड गोष्ट, तिच्यात राजकारण आणायची काय गरज होती?

माझं म्हणणं बरोबर उलटं आहे. राजकारण त्या गोष्टीत पहिल्यापासून होतं. ते काढून टाकलं डिस्नेने, १९४० साली. आपल्यापैकी बहुतेकांना तोच पिनोकिओ माहीत, म्हणून तोच मूळ वाटतो.

मूळ गोष्ट लिहिणारा कार्लो कोल्लोदी हा फ्लॉरेन्सचा पत्रकार. १८४८ च्या स्वातंत्र्ययुद्धात स्वयंसेवक म्हणून लढायला गेलेला. त्याच वर्षी त्याने एक व्यंगपत्र काढलं, ते पुढच्याच वर्षी सत्ताधाऱ्यांनी बंद पाडलं. असा माणूस १८८१ मध्ये मुलांच्या साप्ताहिकात क्रमशः गोष्ट लिहायला बसला, तर ती गोड कशी असेल? पंधराव्या प्रकरणात त्याने पिनोकिओला झाडाला फाशी देऊन विषय संपवला होता. वाचकांनी आग्रह धरला म्हणून गोष्ट पुढे गेली. आणि डिस्नेचा तो टोपीवाला, गाणं म्हणणारा किडा? पुस्तकात पिनोकिओ त्याला चौथ्याच प्रकरणात हातोडा फेकून मारतो.

पण खरी गंमत पुढे आहे. कोल्हा आणि मांजर पिनोकिओला सांगतात, की एका मैदानात सोन्याची नाणी पुरली, पाणी घातलं, की रात्रीत नाण्यांचं झाड उगवतं. (दामदुप्पट योजना म्हणा. मुदत मात्र एका रात्रीची.) ते मैदान ज्या गावाबाहेर आहे, त्याचं नावच 'मूर्खांना पकडणारं गाव' अशा अर्थाचं. रस्त्यात लोकर कातरून घेतलेल्या, थंडीने कुडकुडणाऱ्या मेंढ्या, पंख विकून बसलेली फुलपाखरं. आणि त्यांच्यामधून ऐटदार बग्ग्यांत जाणारे कोल्हे आणि शिकारी पक्षी. पिनोकिओ चार नाणी पुरतो. अर्थातच ती चोरीला जातात.

मग तो कोर्टात जातो. न्यायाधीश आहे एक म्हातारा गोरिला, पांढरी दाढी, सोन्याचा चष्मा, चष्म्याला काचा नाहीत. तो सगळं शांतपणे ऐकून घेतो. त्याला पिनोकिओची दयाही येते. मग घंटी वाजवून शिपायांना बोलावतो आणि सांगतो, या बिचाऱ्याची नाणी चोरीला गेलीत, याला तुरुंगात टाका. चार महिने पोरगा आत! पुढे राजा लढाई जिंकतो, त्या आनंदात कैद्यांना सोडायचा हुकूम निघतो. पण तुरुंगाचा रखवालदार पिनोकिओला सोडायला तयार नाही. शेवटी तो म्हणतो, अहो, मीपण बदमाशच आहे. हे ऐकल्यावर रखवालदार अदबीने टोपी काढतो आणि दार उघडतो.

हे १८८० च्या दशकातलं बालसाहित्य आहे, बरं का. ऑनलाइन फसवणुकीची तक्रार द्यायला गेल्यावर "ओटीपी दिलातच कशाला?" हे ज्यांनी ऐकलंय, त्यांना या गोरिलाची ओळख करून द्यायला नको.

देल तोरोने गोष्ट फासिस्ट इटलीत नेली तीही काही उगाच नाही. मुसोलिनीच्या काळात तिथे पिनोकिओला फासिस्ट बनवणारी पुस्तकं खरोखरच निघाली होती. सिनेमात गावचा अधिकारी या बाहुल्याकडे बघतो तेव्हा त्याला मूल दिसत नाही. कधीच न मरणारा सैनिक दिसतो. इथे आज्ञाधारक असणं हा गुण नाही, तो धोका आहे. स्वतःच्या मुलालाही हा बाप त्याच मापाने मोजतो. चर्चमधला प्रसंग तर बघाच. पिनोकिओ विचारतो, क्रूसावरचा येशूही लाकडाचाच आहे, मग लोकांना तो आवडतो आणि मी का नाही? आणि राक्षसी माशाच्या पोटातून सुटायला बापच मुलाला सांगतो की खोटं बोल, कारण त्या वाढलेल्या नाकावरूनच बाहेर पडायचं आहे. 'खोटं बोलू नये' एवढंच या गोष्टीतून शिकलेल्या पिढ्यांना हे पचायला जड जाणारच. या सिनेमाला २०२३ मध्ये सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं. गाणी सोडली तर मला त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार दुसरीच आहे. गोरिला देल तोरोनेही घेतला नाही! मैदान नाही, कोर्ट नाही, ते गावच नाही. हुकूमशहा दाखवणं तसं सोपं असतं. गणवेश, सलामी, बूट. लहान मूलही ओळखतं. काचा नसलेला चष्मा लावून, सहानुभूतीने ऐकून घेऊन, फसलेल्यालाच आत टाकणारा माणूस ओळखणं अवघड. आणि आपल्या मुलांचा हुकूमशहाशी संबंध येवो न येवो, या गोरिलाशी येणारच आहे.

सिनेमा दहा वर्षांच्या पुढच्या मुलांना दाखवा, सोबत बसून दाखवा. सुरुवातीलाच बॉम्बस्फोटात एक मूल जातं, लहानगी घाबरतील. आणि गोरिलाची गोष्ट तेवढी तुम्हीच सांगा. पाच मिनिटं लागतात. तो रखवालदार टोपी काढतो, तिथे मुलं आधी हसतात आणि मग "असं का?" म्हणून विचारतात.