मुलाखतीपूर्वीची खरी तयारी

एम.बी.बी.एस.ची पदवी हाती पडली आणि वर्षाची इंटर्नशिप आटोपली, की आमच्या तरुण डॉक्टरांपुढे दोन वाटा उभ्या राहतात. एक येथल्या पदव्युत्तर प्रवेशाची, दुसरी विलायतेची. परदेशी जाऊन वैद्यकी करणे गोमंतकीयांना नवे नाही. १८४२ साली पणजीत स्थापन झालेल्या वैद्यक विद्यालयातून बाहेर पडलेल्या डॉक्टरांनी पोर्तुगीज आफ्रिकेत सेवा बजावली, हा इतिहास आहे. म्हणून जाणाऱ्यांस दोष देण्यासाठी आम्ही लेखणी उचललेली नाही. ते ज्या तऱ्हेने तयारी करतात, तिच्याविषयी मात्र चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

दोन्ही वाटांवर चाळणी आहे, पण चाळणीची जात निराळी. येथली 'नीट-पीजी' म्हणजे संगणकापुढे बसून सोडवावयाचे २०० प्रश्न. बरोबर उत्तरास ४ गुण, चुकीच्या उत्तरास एक वजा. उमेदवाराला तोंड उघडण्याचा प्रसंगच येत नाही. ब्रिटनमध्ये 'प्लॅब'चे दोन्ही टप्पे ओलांडून नोंदणी मिळाली, तरी विशेषज्ञ-शिक्षणाची जागा पदरात पडत नाही. तिच्यासाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो. जनरल प्रॅक्टिससारख्या शाखेत लेखी चाचणीवर भागते. परंतु मेडिसिन, सर्जरी अशा अनेक शाखांत मुलाखत अटळ आहे. ती आता बहुधा संगणकाच्या पडद्यावरूनच घेतली जाते.

या मुलाखतीत काय विचारतात? रात्रपाळीत एका रोग्याचा श्वास अडखळतो आहे आणि त्याच क्षणी दुसऱ्या वॉर्डातून बोलावणे आले. आधी काय कराल, कोणाला कळवाल? तुमचा सहकारी मद्य घेऊन कामावर आला आहे. तुमचे कर्तव्य कोणते? तुम्ही स्वतः केलेल्या एखाद्या 'ऑडिट'मुळे रुग्णालयाच्या कामात कोणता फरक पडला? परीक्षक आधी ठरवून ठेवलेल्या कसोट्यांवर प्रत्येक उत्तरास गुण देतात. रोगाची लक्षणे घडाघडा म्हणून दाखविणारा पहिल्या वर्गाचा विद्यार्थी येथेच अडखळतो.

मग धावाधाव सुरू होते. तयार उत्तरांच्या वह्या मिळवावयाच्या, शिकवणीवाल्यांना भारी शुल्क मोजावयाचे, आणि दुसऱ्याचा अनुभव आपला म्हणून पाठ करावयाचा! आमच्या मते ही तयारी नव्हे, हे सोंग आहे; आणि ते फार वेळ टिकतही नाही. ज्याने कधी ऑडिट केलेच नाही, तो "पुन्हा मोजणी केलीत तेव्हा काय आढळले?" या दुसऱ्या प्रश्नालाच गडबडतो. ऑडिट म्हणजे तरी काय? आपल्या वॉर्डात जे चालते ते मोजणे, ठरलेल्या प्रमाणाशी ताडून पाहणे, उणे असेल ते सुधारणे आणि पुन्हा मोजणे. त्यासाठी लंडन गाठावे लागत नाही. बांबोळीत ते करता येते, तसेच तालुक्याच्या आरोग्य केंद्रातही.

खरी तयारी मुलाखतीच्या आदल्या महिन्यात होत नाही. ती इंटर्नशिपच्या पहिल्या दिवसापासून व्हावी लागते. रोज रात्री वहीत चार ओळी लिहाव्यात: आज कोणता रोगी पाहिला, काय केले, कोठे चुकले, काय शिकलो. "हे मला ठाऊक नाही, मी वरिष्ठांस ताबडतोब बोलावीन," असे निःसंकोच म्हणण्याची सवय लावावी. या उत्तरात कमीपणा नसून रोग्याचे रक्षण आहे. आठवड्यातून एकदा मित्रासमोर वा ज्येष्ठ डॉक्टरांसमोर बसून, घड्याळ लावून, मोठ्याने उत्तरे द्यावीत. मनातल्या मनात सुसंगत वाटणारा विचार जिभेवर आला की किती विस्कळीत होतो, हे त्यावाचून कळत नाही.

तर मग आपल्याकडेही प्रवेशासाठी मुलाखती सुरू कराव्यात, असे कोणी म्हणेल. आम्ही ते म्हणणार नाही. श्रीनगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात लेखी परीक्षेचे १०० गुण आणि दोन-तीन मिनिटांच्या मुलाखतीचे ५०, असा प्रकार होता. सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली अजय हासिया खटल्यात तोंडी परीक्षेस इतके वजन देणे मनमानीचे ठरविले आणि १५ टक्क्यांची मर्यादा सुचविली. वशिल्याला आपल्याकडे किती दारे असतात, हे वाचकांस सांगणे नलगे. प्रवेश गुणांवरच व्हावा. परंतु प्रवेशास जे नको, ते शिक्षणात मात्र हवेच. २०१९ पासून देशाच्या वैद्यकीय अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचा समावेश झाला आहे. तो कागदावर न राहता वॉर्डात उतरावा, प्राध्यापकांनी महिन्यातून एकदा तरी अशी सराव-मुलाखत विनाशुल्क घ्यावी, अशी आमची सूचना आहे.

विलायतेचे दारही आता पूर्वीइतके उघडे नाही. जुलै २०२५ मध्ये तेथील सरकारने जाहीर केलेल्या दहा वर्षांच्या आरोग्य योजनेत स्वदेशी पदवीधरांना अग्रक्रम देण्याचे धोरण आहे. उद्या अनेकांचे अर्ज परत येतील. पाठ केलेली उत्तरे त्या दिवशी मातीमोल होतील. रोजच्या नोंदींची, नीट ऐकण्याची व नीट सांगण्याची सवय मात्र वाया जाणार नाही. काणकोणहून वा सत्तरीहून पहाटेची बस धरून आलेली म्हातारी ओपीडीत डॉक्टरांसमोर बसते आणि विचारते, "दोतोर, म्हाका कितें जालां?" तीच खरी मुलाखत होय. तिचा निकाल कोणत्याही यादीत लागत नाही, परंतु तीत नापास होणाऱ्यास कोणत्याही देशाची पदवी तारू शकणार नाही.