फरशी पाहुण्यांसाठी नको, घरात राहणाऱ्यांसाठी घ्या

आज पिकाचं नाही, घराचं बोलू. सध्या गावोगावी वस्तीवर नवीन घरं उभी राहताहेत. चांगली गोष्ट आहे. पण एक प्रकार सगळीकडे दिसतोय. घर झालं, चकचकीत टाइल्स बसल्या, वास्तुशांत झाली आणि दुसऱ्या दिवसापासून कुत्रं बाहेर. काल-परवापर्यंत जे ओसरीत झोपायचं, रात्री रानडुकरं हाकलायचं, चोरचिलटाला अंगावर घ्यायचं, ते आता पावसात ट्रॉलीखाली. कारण काय? तर फरशी खराब होते.

माझं म्हणणं सरळ आहे. कुत्रं बदलू नका, फरशी नीट निवडा.

गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल पाणी पीत नाही, डाग धरत नाही, हे खरं. पण त्यावर कुत्र्याची नखं रोवत नाहीत. पाय फाकतात, म्हातारं कुत्रं तर उठताना घसरतं. ओल्या पायानं घरातली म्हातारी माणसंही घसरतात, ते वेगळंच. घ्यायचीच असेल तर खरखरीत पृष्ठभागाची, मॅट घ्या. आणि ध्यानात ठेवा, घाण टाइलवर राहत नाही, सांध्यात राहते. पांढरा सिमेंटचा सांधा मूत पितो आणि काळा पडतो. टाइल मोठी घेतली तर सांधे कमी होतात. पैसे थोडे जास्त गेले तरी सांध्यात इपॉक्सी भरा, ते पाणी शोषत नाही.

माझी पसंती विचाराल तर ओसरी आणि पडवीला शहाबादी किंवा कोटा. शहाबादी कर्नाटकातून येते, कोटा राजस्थानातून. पाय धरते, उन्हाळ्यात गार राहते, कुत्रं आपोआप तिथंच पसरतं. फार पॉलिश मारू नका, नाहीतर टाइलसारखीच घसरते. पण हा चुनखडीचा दगड आहे. त्यावर संडासचं ॲसिड टाकलं की फेस येतो आणि दगड खातो. खड्डे पडले की मग वास कायमचा. साबणाचं पाणी पुरे.

पैसे कमी असतील तर सिमेंटचा कोबा करा. नीट घोटून घ्या आणि निदान सात दिवस पाणी मारा. घाई केली की भेगा पडतात. भेग पडली की गोचिडाचं घर झालं. रक्त पिऊन टम्म झालेली मादी कुत्र्यावरून उतरते आणि फटीत हजारो अंडी घालते. औषध कुत्र्याला मारायचं आणि फटी तशाच ठेवायच्या, म्हणजे तण कापून मूळ ठेवण्यासारखं आहे. भिंतीकडेच्या फटीसुद्धा बुजवा.

सगळ्यात महत्त्वाचा उतार. दहा फुटाला एक-सव्वा इंच उतार बाहेरच्या मोरीकडे काढा. गवंडी म्हणेल, कशाला. ऐकू नका. उतार असला की बादलीभर पाणी आणि खराट्यानं काम होतं, नाहीतर बसून पुसावं लागतं. ते पाणी मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात मात्र सोडू नका, कुत्र्याच्या विष्ठेतून जंताची अंडी जातात. शोषखड्ड्यात सोडा.

घरात कुत्र्यानं मुतलं तर आधी राख टाकून टिपून घ्या, मग साबणानं धुवा. नुसतं फिनेल टाकलं तर आपल्याला वास येत नाही, पण कुत्र्याला येतो आणि ते परत तिथंच पाय वर करतं. ताज्या मुतावर ब्लीचिंग पावडर टाकू नका, विषारी वाफ निघते. आणि वर्षाला रेबीजची लस, डॉक्टरला विचारून जंताचं औषध, हे चुकवू नका. फरशी कितीही चांगली असली तरी ते काम फरशी करत नाही.

शेवटचं. फरशी पसंत करायला दुकानात बापय माणसंच जातात आणि रोज पुसतात घरच्या बाया. पुढच्या वेळी जाताना त्यांना सोबत न्या. दुकानातच टाइलवर पाणी ओतायला लावा, पाय ठेवून बघा. पाहुणा वर्षातून दोनदा येतो. फरशी रोज पुसणारीला आणि रात्रभर जागणाऱ्याला विचारून घ्या.

तुमच्याकडे ओसरीला काय टाकलंय आणि कसं टिकलंय, ते जरूर लिहा.