सिंहाची ओळख मिशांवरून

आयाळ पाहिली की सिंह ओळखता येतो, असे आपल्याला वाटते. पण आयाळ वयाबरोबर वाढते, काळवंडते, मारामारीत उपटलीही जाते. फाटका कान, नाकावरचा वण या खुणा कामाच्या खऱ्या, पण नवी जखम झाली की जुनी नोंद अपुरी पडते. न बदलणारी खूण मिशांपाशी असते. मिशांच्या ओळींच्या वर ठिपक्यांची एक तुटक ओळ दिसते. तिच्यातले ठिपके खालच्या ओळीतील कोणत्या ठिपक्यांवर येतात, ते तोंडाच्या दोन्ही बाजूंना पाहायचे, कारण डावी-उजवी सारखी नसते. केनियातील नैरोबी राष्ट्रीय उद्यानातील सिंहांवरून १९७० साली ही पद्धत मांडली गेली.

नाकावरून मात्र वय कळते. छाव्याचे गुलाबी नाक हळूहळू काळ्या ठिपक्यांनी भरते. निम्म्याहून अधिक काळे झाले, तर नर साधारण पाच वर्षांपुढचा. टांझानियात परवान्याने सिंहाची शिकार होते, तिथे याला फार महत्त्व आहे. (आम्हाला विचाराल तर शिकारच नको.) तरुण नर मारला गेला की कळपावर नवे नर येतात आणि त्याच्या तान्ह्या छाव्यांना बहुधा ठार करतात. वय झालेल्या नराचे छावे तोवर मोठे झालेले असतात.